प्रश्न क्रमांक सात

२०२३ च्या नोव्हेंबरात एका सकाळी साडेसातला वरच्या मजल्यावरच्या आजींनी आमचं दार वाजवलं. त्यांना मी आपो म्हणते. मी चीनमधल्या सूचौ शहरात राहते, आणि इकडे वयस्कर बायकांना तशी हाक मारतात. त्या मला नान्नान म्हणतात, म्हणजे बाळ, लेक. वय तेव्हा ७८. हातात कापडी पिशवी, तिच्यात गरम पाण्याचा थर्मास, विम्याचं कार्ड आणि चार घड्या घातलेला एक कागद. चष्म्याची काडी मोडली होती, मुलगा कामावर गेला होता, आणि आरोग्य केंद्रात वार्षिक तपासणीची त्यांची पाळी होती. "वाचून दाखवायला चल," एवढंच म्हणाल्या. मी पायात बूट सरकवले आणि निघाले.

चीनमध्ये पासष्टी गाठलेल्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होते. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, किडनी, लिव्हर, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी. इथवर आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या शिबिरासारखंच. पण २०१३ पासून या सरकारी सेवेत आणखी एक गोष्ट आहे. पारंपरिक चिनी वैद्यकाप्रमाणे त्या माणसाची प्रकृती ठरवायची आणि त्यानुसार काय खावं, कसं राहावं ते सांगायचं. प्रकृतीसाठी त्यांचा जो शब्द आहे त्यात दोन अक्षरं आहेत, एक शरीराचं आणि दुसरं कसाचं. शरीराचा कस. आपण पिंड म्हणतो ना, त्याच्या जवळचं.

हे ठरवायला ३३ प्रश्नांचा तक्ता असतो. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं, 'अजिबात नाही'ला १ आणि 'रोजच'ला ५. गेल्या वर्षभरात कसं वाटलं ते आठवून सांगायचं.

टेबलामागची मुलगी फार दमलेली होती. बाहेर तीस-पस्तीस म्हातारी माणसं उपाशीपोटी बसलेली. तिने चारेक मिनिटांत ३३ प्रश्न उरकले. हातपाय गार पडतात का? आपो म्हणाल्या, रोज. पाच. पोट, पाठ, कंबर-गुडघे यांना थंडी बाधते का? चार. इतरांपेक्षा थंडी सोसत नाही का? पाच. गार खाल्लं-प्यायलं की त्रास होतो का? चार. बेरीज १८. या चारांची बेरीज ११ किंवा त्याहून जास्त झाली की यांग कमी असलेली प्रकृती, म्हणजे अंगात ऊब तोकडी. मुलीने शिक्का मारला आणि छापील कागद दिला. आलं खा, मटण खा, पाय गरम पाण्यात बुडवा, बेंबीखाली चार बोटांवर ग्वानयुआन नावाचा बिंदू आहे तिथे शेक द्या.

त्या चार मिनिटांतला एक प्रश्न मला नीट कळला नाही. एक शब्द अनोळखी होता. मुलीने तो उलटा करून विचारला, "आजी, एकटं वगैरे वाटत नाही ना?" आपो लगेच म्हणाल्या, "नाही, नाही." एक. पुढचा प्रश्न.

तो शब्द मी घरी येऊन शोधला. प्रश्न सातवा होता.

---

चिनी वैद्यकात माणसांचे असे प्रकार पाडणं फार जुनं. 'ह्वांगदी नैचिंग' या त्यांच्या मूळ ग्रंथात पंचतत्त्वांवरून माणसांचे २५ प्रकार सांगितले आहेत. आज सगळीकडे चालते ती नऊ प्रकारांची मांडणी मात्र आपल्या काळातली. बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले प्राध्यापक वांग छी यांनी १९७० च्या दशकाअखेरीपासून या विषयावर काम केलं, ६० प्रश्नांची प्रश्नावली बनली आणि २००९ मध्ये तिथल्या वैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला मानक ठरवलं. म्हाताऱ्या माणसांना साठ प्रश्न जड होतात, म्हणून त्यांच्यासाठी ही ३३ ची आवृत्ती.

नऊपैकी एक प्रकार समतोल. उरलेले आठ कुठे ना कुठे कललेले. छी, म्हणजे प्राणशक्ती, कमी असलेली प्रकृती: दोन पायऱ्या चढल्या की धाप, बारीक आवाज, सतत सर्दी. यांग कमी, ती आपोंची. यिन कमी, म्हणजे अंगातली ओल कमी: डोळे कोरडे, ओठ कोरडे, घशाला शोष, पोट साफ नाही. कफ आणि दमटपणा साचलेली: सुटलेलं पोट, घोरणं, जिभेवर जाड थर. दमट-उष्ण: तोंडाला कडवटपणा, तेलकट चेहरा. रक्त साकळलेली: न लागता अंगावर काळेनिळे डाग, एकाच जागी दुखणं. जन्मजात हळवी: शिंका, गांध्या. आणि छी कोंडलेली. तिच्याकडे मी पुढे येते, कारण ही सगळी पोस्ट तिच्यासाठीच लिहायला घेतली आहे.

आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पपई उष्ण, काकडी थंड, रात्री दही बाधतं, हे आम्ही चिपळूणला अक्षरओळखीच्या आधी शिकलो. दमटपणा शरीरात शिरतो हे तर कोकणातल्या माणसाला कुणी पटवून द्यायला नको. इथे जूनच्या मध्यापासून पिवळ्या आलुबुखारांचा पाऊस लागतो (फळं पिकायच्या वेळचा, म्हणून हे नाव). कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी चढते, मीठ ओघळतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपण आषाढात घरीच आहोत. हिवाळा मात्र वेगळा. चीनच्या उत्तरेत सरकारी हीटिंग असतं, ह्वै नदीच्या दक्षिणेला नाही, आणि आम्ही दक्षिणेला. बाहेर दोन अंश, तर आत सहा. आपो घरात कापूस भरलेला पायजमा आणि जाड बंडी घालून बसतात. हातपाय गार पडतात का, या प्रश्नाला अशा घरातला कोणता म्हातारा माणूस 'नाही' म्हणेल, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. उत्तरात किती शरीर आणि किती भिंती, ते तक्ता सांगत नाही.

तरी त्या हिवाळ्यात आपोंच्या मुलाने कागद वाचून त्यांना दर रविवारी त्सांगशूच्या मटणाचं पांढरं सूप आणून दिलं. त्सांगशू हे सूचौजवळचं गाव, आणि मटणाच्या सूपासाठी अख्खा परिसर त्याचं नाव घेतो. दुकानं शरदात उघडतात आणि थंडी सरली की बंद होतात. मुलगा दर रविवारी येऊ लागला. पाय किती गरम झाले माहीत नाही, पण रविवारी दुपारी वरून खुर्च्या सरकवल्याचा आणि बोलण्याचा आवाज यायला लागला.

---

२०२४ च्या एप्रिलमध्ये आई तीन महिन्यांसाठी आली. वय ७१. वर्षानुवर्षं तिचं एक वाक्य ठरलेलं आहे, "माझी प्रकृतीच वाताची." गुडघे दुखले, वात. झोप नाही, वात. पोट साफ नाही, वात. कुठे जायचं नाही, कुणाकडे राहायचं नाही, बसायचं असेल तेही वातामुळेच. आणि शास्त्र तिच्या बाजूने आहे. आयुर्वेदात प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर तीच राहते. बिघडते ती विकृती. सुश्रुताने शारीरस्थानात तर म्हटलंय की प्रकृती स्वभावतः बदलत नाही, बदलली तर त्या माणसाचं आयुष्य सरत आलं असं समजावं. शिवाय म्हातारपण हा मुळातच वाताचा काळ. मग आईसारख्या माणसाने करायचं काय? सोसायचं.

वांग छींच्या मांडणीत हे वेगळं आहे आणि मला तो फरक फार मोठा वाटतो. त्यांच्या मते जन्मतः मिळालेलं आणि नंतर जगण्यातून आलेलं, दोन्ही मिळून हा कस बनतो, आणि तो वळवता येतो. म्हणून तर दरवर्षी पुन्हा विचारायचं. आपोंना मी एकदा म्हटलं, तुमची प्रकृती यांग कमीची. त्यांनी दुरुस्त केलं, "गेल्या वर्षीची."

जूनच्या शेवटी, तो पिवळ्या आलुबुखारांचा पाऊस लागलेला असताना, एका संध्याकाळी मी तक्ता काढला आणि आईला म्हटलं, चल, तुझं पाहू. भाषांतर करत एकेक विचारत गेले. डोळे कोरडे पडतात? चार. त्वचा, ओठ? चार. घशाला कोरड, सारखं पाणी प्यावंसं? तीन. शौचाला घट्ट? चार. पंधरा. "यिन कमी," मी म्हटलं, "ओल कमी, कोरडेपणा जास्त." आई खूश झाली. "मग मी दुसरं काय सांगते? वातच तो."

मग पाचवा. उदास, मन लागत नाही असं होतं का? तीन. सहावा, जिवाला घोर, काळजी? तीन. आणि सातवा. त्यातला तो अडलेला शब्द मला तोवर कळला होता, पण मराठीत आणता येईना. हरवलं म्हणावं तर काही वस्तू हरवल्यासारखं होतं. निराश म्हणावं तर तेवढं नाही. शेवटी मी म्हटलं, "जगण्यात जो बदल झाला, त्याने एकटं, चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं का?"

आई काही बोलली नाही. गॅलरीत पागोळ्या पडत होत्या. मग म्हणाली, "पाच लिही."

आमचं घर चिपळूणला बाजारपेठेजवळ होतं. बाबा २०१९ ला गेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर एक दिवस आणि एक रात्र होती. पाणी ओसरल्यावर घरात चिखल, आणि चिखलात तिचा सगळा संसार. भाऊ तिला पुण्याला घेऊन गेला. भाऊ-वहिनी चांगली आहेत, नातवंडं आजीच्या भोवती असतात, पाचव्या मजल्यावर भरपूर उजेड आहे. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की आई आता सुरक्षित आहे आणि विषय संपला. तीन वर्षं मी रोज फोन करत होते. जेवलीस का? बीपीची गोळी घेतली का? गुडघा कसा आहे? रोज. हा एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

"सकाळी दार उघडलं की कुणीतरी हाक मारायचं," आई म्हणाली. "दूधवाला, शेजारची, देवळात जाणारं कुणी. पुण्यात दार उघडलं की लिफ्ट."

आठवा प्रश्न होता, सहज घाबरायला, दचकायला होतं का? चार, म्हणाली. रात्री पावसाचा जोर वाढला की ती उठून बसते. माझ्या घरीही बसत होती, पलीकडच्या खोलीत, आणि मला माहीत नव्हतं.

तीन, तीन, पाच, चार. पंधरा. छी कोंडलेली प्रकृती.

कुठलीही मोठी चाचणी केल्याचा माझा दावा नाही. मी डॉक्टर नाही, तक्ता घरच्या टेबलावर भरलेला. पण त्या कागदाची एक गोष्ट मला मान्य करावीच लागते. त्यात एकटेपणा शौचाच्या, सर्दीच्या, गार पायांच्या ओळीत बसवला आहे. 'मनाचे आजार' म्हणून वेगळ्या खोलीत पाठवलेला नाही. आईला कुणी "तुला डिप्रेशन आहे का" असं विचारलं असतं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली असती. डोळे कोरडे पडतात का, याच्यामागून तोच प्रश्न आला, तेव्हा तिने उत्तर दिलं.

---

आता जे खटकतं तेही लिहिते, कारण हे वाचून कुणी आपल्या आईवडिलांच्या गोळ्या बंद केल्या तर मला चालणार नाही.

सारखी तहान लागते, हे तक्त्यात यिन कमी असल्याचं लक्षण आहे. ते मधुमेहाचंही असतं. थंडी सोसत नाही, हे यांग कमी, पण थायरॉइड मंदावल्याचंही तसंच, रक्त कमी असल्याचंही तसंच. म्हणून हा तक्ता रक्ततपासणीच्या सोबत भरायचा, तिच्या जागी नाही, आणि चीनच्या त्या योजनेतही तो तसाच सोबत ठेवला आहे. आईची साखर आणि थायरॉइड ती पुण्याला परतल्यावर आम्ही तपासून घेतलं.

काढ्यांचं तर फारच जपायला हवं. आपोंच्या ओळखीच्या दुकानातून मी घशासाठी एक चहाची पुडी आणली होती. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर जेष्ठमध!" खरंच होता. चिनी नाव गान-त्साओ, गोड गवत. त्यांच्या असंख्य काढ्यांत तो असतो. आपल्याकडे घसा धरला की तोंडात धरतात त्यातलाच. एखादी काडी चघळण्याचं काही नाही, पण रोज भरपूर पोटात गेला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि आई रक्तदाबाची गोळी घेते. पुडी मी बंद करून ठेवली. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी रक्त साकळण्यावरच्या दान-शनसारख्या चिनी मुळ्यांपासून दूरच राहावं. दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

छी कोंडलेल्यांसाठी छापील सल्ला असा: मोगऱ्याच्या जातीची फुलं, शेवंती आणि गुलाब यांचा चहा. अंगठा आणि तर्जनीच्या मधला ह-गू हा बिंदू दाबायचा, पायावर थाय-च्वुंग. माणसांत मिसळायचं, गाणी ऐकायची. चहाने चिपळूणचं घर परत येणार नाही हे मलाही कळतं. पण माणसांत मिसळायचं, हे आपोंनी मनावर घेतलं. मी त्यांना आईचं सातव्याचं उत्तर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर चांदीकानाचं सूप घेऊन आल्या. ती पांढरी अळंबी, यिन कमी असणाऱ्यांना देतात. कमळबिया आणि खडीसाखर घालून इतकी शिजवतात की रस दाट होतो. आई म्हणाली, साबुदाण्याच्या पातळ खिरीसारखं लागतं. मग सूप प्यायलेल्या आईचा हात धरून आपोंनी तिला खाली चौकात नेलं, जिथे संध्याकाळी बायका रांगेने नाचतात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आई शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते हात हलवत होती. पाऊस नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी, परत जाईपर्यंत.

---

२०२४ च्या नोव्हेंबरात आपोंची पाळी आली तेव्हा मी आदल्या रात्रीच वर गेले आणि तक्ता सावकाश वाचून दाखवला. उलटा करून नाही, जसा छापलाय तसा.

सातव्याला त्या बराच वेळ बोलल्या. आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे पूर्वी गावं होती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि गावकऱ्यांना हे फ्लॅट मिळाले. आपोंचं घर कालव्याकाठी होतं, पायऱ्या पाण्यात उतरायच्या, भाज्या तिथेच धुवायच्या. वसंतात मोहरीसारखी पिवळी शेतं. कोंबड्या. फ्लॅटच्या खाली झुडपांच्या पट्ट्यात त्यांनी दोनदा पालेभाजी लावली, दोनदा सोसायटीच्या माणसांनी उपटली. "फ्लॅट चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पाणी गरम येतं." आणि मग, "चार लिही."

दुसऱ्या दिवशी टेबलामागे वेगळी, मध्यमवयीन डॉक्टर होती. तिने भरलेला कागद वाचला. यांग कमी, यंदाही, बेरीज १७. छी कोंडण्याकडे कल, बेरीज १०. तिने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "रात्री कुणाबरोबर जेवता?" आपोंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून बुधवारी त्या आमच्याकडे जेवतात. वरणभात आवडतो, कोकम सोसत नाही.

त्याच महिन्यात भारतात आयुष मंत्रालयाची प्रकृती परीक्षणाची मोहीम सुरू झाली. पुण्यात आईच्या सोसायटीतही कुणी वैद्य आले होते, मोबाइलवर प्रश्न विचारून त्यांनी तिची प्रकृती सांगितली. वात-पित्त. आईने फोनवर विजयाने सांगितलं. मी म्हटलं, छान. आणि मग विचारलं, "सातव्याला किती?"

आता तो आमचा रिवाज झाला आहे. यंदा नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर ३३ प्रश्न झाले. डोळ्यांचा कोरडेपणा तोच, पोट जरा बरं. पाऊस पडला की अजून उठते, पण आता नातीला उठवते आणि दोघी चहा करतात. सातव्याला चार म्हणाली. मग विचारलं, "आणि तिचे?"

मी वर गेले. आपो खिडकीशी पाय गरम पाण्यात बुडवून बसल्या होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "आधी सांग, तुझ्या आईचे किती?"

"चार."

त्यांनी पाण्यात पाय हलवले. "मग माझेही चारच लिही."